चिवटपणा मागून घ्यावा लागतो

पोलादाचा माल येतो. सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर, म्हणजे कारखान्याच्या बोलीत टीसीवर, कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस सगळे मर्यादेत असते. टेन्साइल ठीक, यील्ड ठीक, इलाँगेशन ठीक, कठीणपणाही ठीक. मग कुणी तरी त्याच मालातून तीन छोटे नमुने कापतो, ते उणे तापमानाला थंड करतो आणि चार्पी यंत्राच्या लंबकाखाली ठेवतो. हवे असतात सरासरी सत्तावीस ज्यूल. मिळतात आठ, अकरा, सहा. त्यानंतर जे वाक्य ऐकू येते ते बहुतेक ठिकाणी एकच असते : ‘पण पोलाद तर स्पेसिफिकेशनमध्ये बसतंय!’ संशय आधी प्रयोगशाळेवर जातो, मग यंत्रावर, मग नमुना कापणाऱ्यावर. चाचणीच चुकली असेल, असे धरून चालण्याकडे सगळ्यांचा कल असतो.

या प्रतिक्रियेतच घोटाळा आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. स्पेसिफिकेशनमध्ये बसणे म्हणजे ज्या अटी घातल्या त्या पाळल्या गेल्या, एवढेच. जी अट घातलीच नाही तिच्याबद्दल तो कागद काहीच बोलत नाही. चिवटपणाची, म्हणजे घाव सोसण्याची अट अनेक नेहमीच्या प्रतींमध्ये मुळात नसतेच. ती ग्राहकाने वेगळी मागायची असते. ती मागितली नाही आणि नंतर पोलाद घावाला तुटले, तर दोष पोलादाचा नाही आणि चाचणीचाही नाही. ऑर्डर लिहिणाऱ्याने तो आपल्याकडे घ्यायला हवा.

ताकद आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हे खेड्यातल्या पोरांना ठाऊक असते. शेवग्याची फांदी जाड आणि भरदार दिसते, पण तिच्यावर कुणी चढत नाही. ती वाकून सूचना देत नाही, एकदम कडकन मोडते. टेन्साइल चाचणीत गुळगुळीत दांडा खोलीच्या तापमानाला सावकाश ओढला जातो. त्याला ताणायला, बारीक व्हायला, वाहायला भरपूर वेळ आणि मोकळीक मिळते. चार्पी चाचणी यातली प्रत्येक सवलत काढून घेते. नमुना दहा मिलिमीटर चौरस आणि पंचावन्न मिलिमीटर लांब. मधोमध दोन मिलिमीटर खोल, पंचेचाळीस अंशांची इंग्रजी व्ही आकाराची खाच, तिच्या तळाची त्रिज्या पाव मिलिमीटर. त्या खाचेपाशी ताण साचतो आणि धातूला बाजूला सरकायला वाव राहत नाही. वर लंबकाचा घाव क्षणार्धात येतो, आणि नमुना थंडगार असतो. खाच, वेग आणि थंडी हे तिन्ही एकत्र आले की साध्या पोलादाचा खरा स्वभाव कळतो. फ्रेंच अभियंते जॉर्ज शार्पी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चाचणीला पक्के रूप दिले. तेवीस टक्के इलाँगेशन देणारे पोलाद या चाचणीत काचेसारखे तुटू शकते, आणि त्यात कसलीही विसंगती नाही.

कारण लोखंडाच्या स्फटिकरचनेत आहे. साध्या कार्बन पोलादात अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वाकते. तापमान उतरले की ही घसरण अवघड होते, तिला अधिकाधिक ताण लागतो. एका टप्प्यावर थर घसरण्यापेक्षा स्फटिक सरळ चिरणे सोपे पडते. मग भेग वाहत नाही, धावते. तुटलेला पृष्ठभागच ते सांगतो : चिवट तुटलेला भाग राखाडी आणि तंतुमय असतो, ठिसूळ तुटलेला सपाट आणि चकचकीत दाणेदार. हा बदल प्रत्येक पोलादात वेगळ्या तापमानाला होतो. तो उणे साठला होणार की अधिक वीसला, हे टीसीवरच्या नेहमीच्या रकान्यांतून कळत नाही.

रासायनिक घटक तेच असून दोन पोलादांचे वागणे वेगळे का, हे नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेक भांडणे इथेच होतात.

पहिले कारण म्हणजे मर्यादेच्या आतली मोकळीक. पाइपलाइनच्या फ्लँजसाठी सर्रास वापरले जाणारे एएसटीएम ए-१०५ घ्या. त्यात कार्बन ०.३५ टक्क्यांपर्यंत चालतो आणि मँगनीज ०.६० ते १.०५. म्हणजे ०.३३ कार्बन आणि ०.६५ मँगनीज असलेली हीट, म्हणजे भट्टीचा एक घाण, पास, आणि ०.२० कार्बन, १.०० मँगनीज असलेली हीटही पास. पहिलीत मँगनीज कार्बनच्या जेमतेम दुप्पट, दुसरीत पाचपट. कार्बन वाढला की पोलादाचा चिवटपणा ढासळतो, मँगनीज तो सावरतो. टीसीवर दोघी सख्ख्या बहिणी. घावाखाली दोघींचे काही जमत नाही. प्रत्येक घटक स्वतंत्रपणे मर्यादेत असणे आणि सगळ्यांचा मेळ चांगला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरे आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे कणांचा आकार. पोलाद पिवळेधमक तापवून फोर्ज केले आणि तसेच हवेत टाकून दिले, की त्याचे कण भरड राहतात. तेच पुन्हा नऊशे अंशांच्या आसपास तापवून हवेत थंड केले, म्हणजे नॉर्मलाइझ केले, की कण बारीक होतात. पोलाद ओतताना ॲल्युमिनियमचा वापर केला असेल तर ते बारीकच राहतात. कण बारीक झाले की ताकदही वाढते आणि चिवटपणाही वाढतो. दोन्ही एकदम वाढवणारा हा जवळजवळ एकमेव उपाय आहे. हॉल आणि पेच या दोघा संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कणांचा आकार आणि ताकद यांचे नाते मांडले. ते आज धातुशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. पण कणांचा आकार नेहमीच्या टीसीवर छापलेला नसतो. जाड प्लेट किंवा मोठे फोर्जिंग आतून सावकाश थंड होते, म्हणून पृष्ठभागाजवळचा नमुना उत्तम आणि गाभ्यातला नमुना नापास, असेही घडते.

तिसरे कारण दिशा. गंधक मँगनीजशी संयोग पावून जे कण बनवतो ते रोलिंगमध्ये लांबट, चपटे होतात. रोलिंगच्या दिशेने कापलेला नमुना चांगला आकडा देतो. त्याच प्लेटमधला आडवा नमुना पुष्कळदा निम्माही देत नाही. गंधकाची कमाल मर्यादा ०.०४ टक्के असेल तर ०.०३८ गंधकाचे पोलादही नियमाने निर्दोष आहे. ज्यांना आडव्या दिशेने खरोखर चिवटपणा हवा असतो ते गंधक याच्या चौथाईवर किंवा त्याहूनही खाली मागतात.

चौथे कारण भट्टीतले, आणि फसवण्यात सर्वांत पुढचे. क्वेंच-टेम्पर केलेले मिश्र पोलाद टेम्परिंगनंतर साधारण ५७५ ते ३७५ अंशांच्या पट्ट्यातून रेंगाळत थंड झाले, तर फॉस्फरस, कथिल, आर्सेनिक, अँटिमनी यांचे अंश कणांच्या सीमांवर गोळा होतात आणि त्या सीमा कमकुवत करतात. कठीणपणा बदलत नाही. टेन्साइलचे आकडे जवळपास तेच राहतात. चार्पीचा आकडा मात्र कोसळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफांच्या निकेल-क्रोमियम पोलादात हा दोष इतका छळत होता, की त्याला ‘क्रुपचा रोग’ असे नाव पडले. यातली कथिलासारखी अशुद्धी भंगारातून येते आणि वितळवताना सहज निघत नाही. ज्या भट्टीत शुद्धीकरणाला फारसा वाव नाही, तिथे भंगार निवडणे हेच शुद्धीकरण ठरते. हार्डनेस टेस्टरच्या एका ठशावर विश्वास ठेवून माल पाठवणाऱ्या प्रत्येक हीट-ट्रीटमेंट शॉपने हे भिंतीवर लिहून ठेवावे.

आता पुन्हा फ्लँजकडे येऊ, कारण आमचा मुद्दा तिथे सर्वांत उघड दिसतो. ए-१०५ आणि ए-३५० एलएफ-२ ही दोन्ही कार्बन पोलादाची फोर्जिंग. दोन्हींची किमान टेन्साइल ४८५ मेगापास्कल, यील्ड २५०. रासायनिक मर्यादाही इतक्या जवळच्या की एकच हीट दोन्हींत बसू शकते. मुख्य फरक हा की एलएफ-२ ला उष्णतोपचार सक्तीचा आहे आणि उणे ४६ अंशांना तीन नमुन्यांचा सरासरी २० ज्यूलचा घाव सोसणे सक्तीचे आहे. ए-१०५ ला इम्पॅक्ट चाचणीची अट नाही. क्लास ३०० पर्यंतच्या साध्या फ्लँजला तर उष्णतोपचारही सक्तीचा नाही. म्हणून फोर्ज करून तसाच थंड झालेला फ्लँज ए-१०५ म्हणून पूर्णपणे नियमात असतो. त्यातून नमुना कापून शून्य अंशाला मारला आणि तो ठिसूळ निघाला, तर निर्मात्याने कुणालाही फसवलेले नाही. त्याच्याकडे जे मागितले ते त्याने दिले. आपल्या स्ट्रक्चरल पोलादातही तीच गोष्ट. आयएस २०६२ मध्ये ई-२५० या एकाच ग्रेडच्या ए, बीआर, बी-शून्य आणि सी अशा प्रती आहेत. ‘ए’ ला इम्पॅक्ट चाचणी नाही, ‘बी-शून्य’ ला ती शून्य अंशावर आहे, ‘सी’ ला उणे वीसवर. यील्ड सगळ्यांचे तेच. ड्रॉइंगवर नुसते ‘आयएस २०६२’ लिहून सोडून देणारा अभियंता चिवटपणाचा निर्णय न घेताच पुढे जातो, आणि मग तो निर्णय बाजार घेतो.

यावर ठरलेले उत्तर येते : आपल्याकडे एवढी थंडी कुठे आहे? मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात पारा शून्याखाली जात नाही हे खरेच. पण थंडी फक्त हवेतून येत नाही. दाबाखालचा वायू व्हॉल्व्हमधून सुटताना थंड होतो. द्रवरूप प्रोपेन वातावरणाच्या दाबाला उणे ४२ अंशांवर उकळतो. दाभोळच्या टर्मिनलवर उणे १६२ अंशांचा द्रवरूप नैसर्गिक वायू उतरतो. तिथे त्या वायूच्या वाटेत साधे कार्बन पोलाद घालायचे कुणाच्या मनात येत नाही, कारण थंडी सर्वांना दिसते. धोका असतो तो जिथे थंडी रोज नसते तिथे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, लाँगफर्डच्या वायू प्रकल्पात, २५ सप्टेंबर १९९८ रोजी हेच घडले. एरवी गरम असणाऱ्या एका हीट एक्स्चेंजरला गरम तेलाचा पुरवठा थांबला आणि तो उणे ४८ अंशांपर्यंत गारठला. मग त्यात पुन्हा गरम तेल सोडले गेले, आणि ते पोलाद ठिसूळपणे फुटले. स्फोट आणि आगीत दोन कामगार गेले, आठ जखमी झाले, आणि राज्याचा गॅस सुमारे दोन आठवडे बंद राहिला. रोजच्या कामात त्या पात्राची कुरकुर नव्हती. त्याला त्या एका दिवसाचे तापमान कधी कुणी विचारले नव्हते. आखाती देशांत, उरणला, हजिऱ्याला वायू आणि तेलाच्या प्रकल्पांवर आपले शेकडो मराठी अभियंते आणि निरीक्षक काम करतात. ‘इथे थंडी कुठे’ हे वाक्य त्यांनी तरी उच्चारू नये. विचारायचे ते हे, की या नळीतले सर्वांत कमी तापमान किती, तेही बंद पडताना, चालू करताना आणि दाब सोडताना.

या चाचणीमागे किती किंमत मोजली गेली आहे, तेही लक्षात ठेवावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंग करून झपाट्याने जहाजे बांधली. १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभे असलेले नवे कोरे तेलवाहू जहाज ‘स्केनेक्टडी’ मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. त्याच्या समुद्रचाचण्या नुकत्याच पार पडल्या होत्या, आणि डेकवरचा हिशेबी ताण पोलादाच्या ताकदीच्या पुष्कळ खाली होता. सुरुवातीला सगळा ठपका वेल्डिंगवर आला. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की मूळ दोष खुद्द पोलादात आहे : थंडीत ते ठिसूळ होत होते. रिव्हेट लावलेल्या जहाजात भेग एका प्लेटच्या कडेला थांबायची. वेल्डिंगने सगळे जहाज अखंड केले आणि भेगेला वाट मोकळी झाली. अमेरिकेत तडे गेलेल्या जहाजांच्या प्लेटा गोळा करून तपासल्या गेल्या. भेग जिथे सुरू झाली त्या प्लेटा आणि भेग जिथे अडली त्या प्लेटा यांचे चार्पीचे आकडे वेगळे निघाले. त्यातूनच १५ फूट-पाउंडांचा, म्हणजे सुमारे २० ज्यूलचा निकष रूढ झाला. एलएफ-२ च्या अटीत आजही तोच आकडा आहे. तो काही निसर्गनियम नव्हे. त्या काळच्या जहाजी प्लेटांसाठी तो काढला होता. पोलाद अधिक ताकदीचे किंवा अधिक जाड असेल तर जास्त मागावे लागते. पण तुटलेल्या जहाजांतून हाती आलेल्या आकड्याला कुणी कटकट म्हणू नये.

चाचणीही नीट झाली पाहिजे, हे मान्यच. खाच कापणाऱ्या ब्रोचची धार गेली असेल, खाचेची त्रिज्या वाढली असेल, थंड नमुना बाहेर काढल्यावर पाच सेकंदांत घाव बसला नसेल, तर आकड्याला अर्थ नाही. पण लक्षात घ्या : बोथट खाच आणि उबदार झालेला नमुना यांनी आकडा वाढतो, कमी होत नाही. हलगर्जी चाचणी वाईट पोलादाला वाचवण्याची शक्यता जास्त, चांगल्या पोलादाला बुडवण्याची कमी. म्हणून कमी आकडा दिसताच ‘लॅब बदलून बघा’ म्हणणे हा कारणाचा शोध नव्हे. फेरचाचणीचे नियम ठरलेले आहेत : तिघांची सरासरी, एखादा नमुना किती खाली चालेल त्याची मर्यादा, आणि त्यानंतर ठरावीक जादा नमुने. त्यापलीकडे आकडा जमेपर्यंत नमुने कापत राहणे म्हणजे चाचणी नव्हे. नापास मालाचा तुटलेला पृष्ठभाग पाहा, सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहा, भट्टीचा चार्ट काढा. भरड कण असतील तर पुन्हा नॉर्मलाइझ करता येते. टेम्परिंगचा ठिसूळपणा असेल तर सहाशेच्या वर तापवून झटपट थंड करता येते. गंधकाचा दोष असेल तर मात्र कोणतीही भट्टी तो धुऊन काढणार नाही.

चाचणीचा तिटकारा कुठवर नेतो, हे अमेरिकेतल्या टॅकोमा शहराने दाखवले. तिथल्या एका फाउंड्रीत नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पोलादी ओतकाम होत असे. तिच्या धातुशास्त्र विभागाच्या संचालकपदी पोहोचलेल्या बाईंनी १९८५ पासून २०१७ पर्यंत ताकदीचे आणि चिवटपणाचे आकडे खोटे लिहिले. दोनशे चाळीसहून अधिक उत्पादनांचे निकाल त्यात होते. काही चाचण्या उणे शंभर फॅरनहाइटला, म्हणजे उणे ७३ सेल्सियसला करण्याची अट त्यांना निरर्थक वाटत होती. पाणबुडी काही एवढ्या थंडीत जात नाही. २०२२ मध्ये त्यांना अडीच वर्षांची कैद झाली. ती अट निरर्थक नव्हती. दहा मिलिमीटरचा नमुना जाड ओतकामापेक्षा सवलतीत असतो, आणि लंबकाचा घाव पाण्याखालच्या स्फोटापेक्षा सौम्य. ही तूट भरून काढायची तर नमुना खऱ्या वापरापेक्षा जास्त थंड करावा लागतो. ज्या अटीचे कारण कळत नाही, ते विचारून घ्यावे. अट खोडू नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्या जोडणीवर दाब, हादरे किंवा वेल्डिंग आहे, तिच्या ऑर्डरमध्ये पाच गोष्टी ठळक लिहिल्या जाव्यात : चाचणीचे तापमान, किमान ज्यूल, नमुन्याची दिशा, नमुना कुठून कापायचा, आणि कोणता उष्णतोपचार. पूल, क्रेन, गर्डर यांसाठी ‘आयएस २०६२ ए’ सवयीने लिहिणे बंद व्हावे. सरकारी निविदांनी यात पुढाकार घ्यावा, कारण सगळा बाजार त्यांच्या नमुन्यावर चालतो. भोसरी, चाकण, कोल्हापूरच्या फोर्जिंग आणि फाउंड्री उद्योगांनी ग्राहकाने न मागितले तरी आपल्या नेहमीच्या हीटची चार्पी नोंद ठेवावी. निर्यातीचा ग्राहक ती मागतोच, मग देशातल्या कामाला का नको? अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही चाचणी एका प्रात्यक्षिकात उरकली जाते. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याने एकाच पोलादाचे गरम आणि थंड नमुने स्वतः तोडावेत, दोन्ही पृष्ठभाग हातात धरून पाहावेत, आणि मगच पदवी घ्यावी.

थोडे जादा पैसे आणि दोन दिवस उशीर, एवढाच या सगळ्याचा खर्च. तो वाचवण्याचा मोह खरेदी विभागाला होणार, आणि त्याला अडवण्याचे काम अभियंत्याचेच आहे. पोलाद स्वतःहून काही सांगत नाही, टीसी विचारलेल्यापलीकडे काही सांगत नाही. चिवटपणा हवा असेल तर तो माल निघण्याआधी, शाईने, आकड्यात मागून घ्या.